हेन्री कझिन्स आणि कृष्णाकाठची देवालये

सातारा-सांगलीकडील एखाद्या आडगावच्या जुन्या दगडी देवळात आपण सहकुटुंब जातो, तेव्हा बरोबरची मुले हटकून विचारतात की, हे कोणी बांधले? या प्रश्नास आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली आहेत. आजीबाई सांगतात, पांडवांनी एका रात्रीत बांधले. आणि शिकलेले गृहस्थ सांगतात, हेमाडपंती आहे. पहिल्या उत्तराला आपण हसतो. परंतु दुसरे उत्तर पहिल्याहून फारसे शहाणपणाचे नाही, ही गोष्ट ज्या थोड्या लोकांनी आपल्या नजरेस आणून दिली, त्यांत हेन्री कझिन्स यांचे नाव अगत्याने घ्यावे लागते. त्यांचे ग्रंथ आपल्याकडील वाचनालयांच्या कपाटांत बहुधा धूळ खात पडलेले असतात. ते उघडून पाहावेत व त्यांचे गुणदोष तोलावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कझिन्स हे पश्चिम हिंदुस्थानच्या पुराणवस्तु-सर्वेक्षणात जेम्स बर्जेस यांच्या हाताखाली तयार झाले व पुढे त्याच खात्याचे प्रमुख अधिकारी बनले. विजापूर, कानडी मुलूख, काठेवाड, सिंध आणि दख्खन एवढा विस्तीर्ण प्रदेश त्यांनी पालथा घातला. इ. स. १८९७ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातील प्राचीन अवशेषांची सुधारलेली यादी प्रसिद्ध केली. तिच्या लांबलचक नावातच कोल्हापूर व दक्षिण महाराष्ट्रातील लहान संस्थाने यांचा निर्देश असल्यामुळे सांगली, मिरज हा टापूही तीत आला. १९१० मध्ये ते निवृत्त झाले. पण त्यांचे मोठे ग्रंथ बहुतेक त्यानंतरचे आहेत : विजापूरवरील १९१६ चा, कानडी जिल्ह्यांतील चालुक्य वास्तुकलेवरील १९२६ चा, आणि दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरील १९३१ चा. नोकरी संपल्यावर वीस वर्षे जुनी टिपणे व नकाशे घेऊन बसणारा अधिकारी पेन्शनीच्या आशेने काम करणारा नव्हता, हे उघड आहे.

या दख्खनच्या ग्रंथाचा खरा गुण त्याच्या गद्यात नाही. गद्य कोरडे आहे. भावनेचा ओलावा शोधणाऱ्या वाचकाची तेथे निराशा होईल. गुण आहे तो मोजमापाचा. देऊळ म्हणजे काय, हे कझिन्स प्रथम आडव्या छेदाने सांगतात. गर्भगृह, अंतराळ, मंडप यांच्या भिंतींची जाडी किती, कोन कोठे फुटतात, खांब कोठे उभे राहतात, हे कागदावर आले की देऊळ आपण होऊन बोलू लागते. एक चौरस त्याच्या मध्याभोवती थोडथोडा फिरवीत गेले म्हणजे तारकाकृती पाया कसा सिद्ध होतो, हे नकाशावाचून शब्दांनी सांगणे कठीण. तसेच छताचे. चुन्याचा उपयोग न करता नुसते दगड घासून बसवावयाचे, कमान ठाऊक असूनही टाळावयाची, चार तुळयांच्या कोपऱ्यांवर तिरकस शिळा ठेवून पोकळी लहान लहान करीत जावयाचे आणि शेवटी एका कमलाकृती शिळेने ती झाकावयाची : ही सारी बांधणी केवळ वजनाच्या तोलावर उभी असते. ज्याने हा तोल ओळखला, त्याला अशा देवळावर पुढे काय करावे आणि काय करू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही.

याच दृष्टीने 'हेमाडपंती' या शब्दाचा निकाल लागतो. हेमाद्री हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुरुष. पण अंबरनाथच्या देवळातील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षे उभे असलेले देऊळ हेमाद्रीचे कसे? हे नाव एका व्यक्तीचे कर्तृत्व नसून बिनचुन्याच्या बांधणीस लोकांनी दिलेली सरसकट संज्ञा होय, हे एकदा पटले म्हणजे फलटणच्या जबरेश्वराकडे किंवा महाबळेश्वरच्या कृष्णाबाईच्या देवळाकडे पाहताना आपण नाव सांगून थांबत नाही, पाहू लागतो.

येथवर स्तुती झाली. आता उणे काय ते सांगितले पाहिजे. वाईजवळ लोहारे येथे बौद्ध लेणी आहेत. त्यांतील एका लेण्यातला स्तूप वरचा भाग नाहीसा होऊन शिवलिंग म्हणून पुजला जातो. बर्जेस यांनी त्याचे वर्णन केले आहे, आणि ते अचूक आहे : हा मूळचा स्तूप, त्याचे लिंग करण्यात आले. वास्तुशोधकाचे काम येथे संपते. परंतु ज्या गावाने शतकानुशतके त्या दगडावर पाणी घातले, त्याच्या दृष्टीने हा नुसता बिघडलेला स्तूप नव्हे. गुरु-शिष्यांच्या या परंपरेला मूळ रूप तेवढे सत्य आणि नंतरचे सारे विकृती, असे वाटत राहिले. गुरव, पुजारी, पालखीचा मार्ग, यात्रेचा दिवस यांना त्यांच्या नकाशात जागा नाही. देवळाचा दगड मोजला. देवळाचा वापर मोजावयाचा राहिला.

दुसरे उणे कालमर्यादेचे. यादवांच्या अस्ताबरोबर कझिन्स यांचा रस ओसरतो. त्यामुळे ज्या देवालयांनी आपल्या नदीकाठास आजचे रूप दिले, ती त्यांच्या ग्रंथाबाहेर राहतात. वाईचे काशीविश्वेश्वराचे देऊळ १७५७ चे, ढोल्या गणपतीचे १७६२ चे. दोन्ही रास्त्यांनी बांधविली. क्षेत्र माहुलीचे विश्वेश्वराचे देऊळ श्रीपतराव प्रतिनिधींचे; आणि सांगलीचे गणपतिमंदिर थोरल्या चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांचे. यांतील घाटांवरील देवळे तर घाट वगळून समजतच नाहीत; पायऱ्या, दीपमाळ, नगारखाना आणि पाणी मिळून एक वास्तू होते. ही उणीव डॉ. म. श्री. माटे यांनी १९५९ मध्ये मराठा वास्तुकलेवर पुस्तक लिहून पुष्कळ अंशी भरून काढली, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

तथापि परक्या पंडिताचे दोष दाखविताना आपला हात कितपत स्वच्छ आहे, हेही पाहिले पाहिजे. कृष्णाकाठच्या आमच्या गावी एक लहानसे जुने देऊळ आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्या जीर्णोद्धारासाठी समिती निघाली, आणि प्राध्यापक म्हणून मलाही तीत घेण्यात आले. खांबांना तैलरंग, सांध्यांत सिमेंट, फरशीवर गुळगुळीत लाद्या आणि वर नवे काँक्रीटचे शिखर, असा बेत ठरला. मी कझिन्स वाचलेला होता. कोरड्या सांध्यांतून ओल बाहेर पडते, सिमेंटने ती आत कोंडते. मूळच्या तोलावर नवे ओझे घालू नये, हे सारे मला ठाऊक होते. पण वडीलधाऱ्यांचा उत्साह आणि गोळा झालेली वर्गणी पाहून मी गप्प बसलो व ठरावाखाली सही केली. आज त्या देवळाच्या छतातून पावसाळ्यात पाणी ठिबकते, आणि खांबांवरील कोरीव काम रंगाच्या थरांखाली बुजले आहे. रंग देण्यापूर्वी कोणी त्याचे एक साधे रेखाचित्रदेखील काढले नव्हते. तेवढे तरी माझ्या हातचे होते.

कझिन्स यांना आमच्या देवांविषयी भक्ती नव्हती. पण दगडाविषयी आदर होता. आम्हांला भक्ती आहे. मात्र ज्या दगडाच्या आधाराने ती उभी आहे त्याची लांबी-रुंदी आम्ही कधी विचारली नाही. १९०४ च्या व १९५८ च्या कायद्यांनी काही निवडक वास्तूंना संरक्षण दिले. परंतु गावोगावची शेकडो लहान देवळे त्या छत्राबाहेर आहेत. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी घाटांवरील देवळांतून शिरले. उद्या त्यांतील एखादे खचले, तर ते पूर्ववत उभारण्यास लागणारा नकाशा कोणाच्या दप्तरात आहे?

म्हणून या ग्रंथकाराविषयी माझा अभिप्राय असा की, त्यांचे निर्णय तपासून घ्यावेत, पण त्यांची पद्धत बिनशर्त उचलावी. प्रत्येक देवस्थानाने, जीर्णोद्धाराची पहिली पावती फाडण्यापूर्वी, एका जाणकार वास्तुशिल्पज्ञाकडून देवळाचा पाया, छेद व छत यांचे मोजून नकाशे करवून घ्यावेत, एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी, आणि त्याबरोबरच गुरवाला विचारून देवळाचा नित्यक्रमही लिहून ठेवावा. कझिन्स यांनी अर्धे काम केले. उरलेले अर्धे परक्याने करावे अशी अपेक्षा आपण ठेवू नये.