कन्सोलवरील शूटर खेळ, नवे तंत्रज्ञान आणि सह्याद्रीचे चित्र : एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणकीय खेळांचा विचार मराठीत बहुधा दोनच अंगांनी होतो : एक मनोरंजनाचे साधन म्हणून व दुसरा तरुणांना जडणारे व्यसन म्हणून. कलाकृती म्हणून या खेळांची चिकित्सा क्वचितच केली जाते. वास्तविक चित्र, ध्वनी, कथा आणि खेळणाऱ्याची प्रत्यक्ष कृती या चारही घटकांचा मेळ ज्यात बसतो, अशा या प्रकाराला स्वतःचे सौंदर्यशास्त्र आहे; आणि कन्सोलवर नियमितपणे खेळणाऱ्या रसिकाची त्याविषयी ठाम मतेही असतात. त्यांपैकी तीन मते विशेष प्रचलित आहेत. नवे यंत्र आले की खेळ सुधारतो, हे पहिले. शूटर अर्थात नेमबाजीच्या खेळाचा खरा आनंद गेमपॅडवरच मिळतो, हे दुसरे. दृश्य जितके हुबेहूब तितका अनुभव खरा, हे तिसरे. या तीन मतांची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

नवे यंत्र आणि नवा खेळ

पहिल्या मताला इतिहासाचा आधार आहे, परंतु तो अर्धाच. १९९७ साली निन्टेन्डो ६४ या यंत्रावर आलेल्या 'गोल्डनआय ००७' या खेळाने शूटर हा केवळ संगणकाचा प्रकार नसून दिवाणखान्यात चौघांनी एका पडद्यावर खेळण्याचा प्रकार होऊ शकतो, हे दाखविले. २००१ मध्ये एक्सबॉक्सबरोबर आलेल्या 'हेलो'ने दोन काड्यांच्या गेमपॅडवर चालणे व नेम धरणे यांची घडी बसवली. एका वेळी दोनच शस्त्रे जवळ बाळगण्याची मर्यादा आणि थोडा वेळ आडोसा घेतल्यास पुन्हा भरून येणारे संरक्षक कवच, या दोन नियमांनी लढाईला लय दिली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, 'हेलो'चे श्रेय केवळ यंत्राच्या वेगाला देता येत नाही. ते हाताची अडचण ओळखून रचलेल्या नियमांचे आहे.

याउलट उदाहरणेही आहेत. २०१० साली खेळाडूच्या शरीराची हालचाल टिपणारे किनेक्ट हे उपकरण मोठ्या गाजावाजाने आले. २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. हातात काहीही न धरता खेळणे ही कल्पना ऐकायला मोहक होती, पण नेमबाजीला हाताशी काहीतरी ठाम लागते, हे तिने विचारात घेतले नाही. त्याच हालचालीच्या तंत्राचा एक साधा अंश मात्र टिकून राहिला. २०१५ च्या 'स्प्लॅटून'मध्ये नियंत्रक किंचित कलवून नेम सूक्ष्म करण्याची सोय होती व ती खेळाडूंनी स्वीकारली. तंत्र तेच, एके ठिकाणी ते प्रदर्शनाचे साधन झाले, दुसऱ्या ठिकाणी गरजेचे उत्तर झाले.

गेमपॅडचा अभिमान

दुसऱ्या मताची तपासणी अधिक सावधपणे करावी लागते. माउसच्या तुलनेत अंगठ्याने फिरवायची काडी नेमासाठी मंद असते. म्हणून कन्सोलवरील बहुतेक शूटर खेळांत लक्ष्याजवळ नेम आला की त्याची गती आपोआप कमी होते, म्हणजे यंत्र खेळाडूला गुपचूप हात देते. कन्सोलप्रेमी ज्याला आपले कौशल्य म्हणतो त्यात या मदतीचा वाटा असतो. मात्र त्यामुळे गेमपॅडचे महत्त्व नाहीसे होत नाही. प्लेस्टेशन ५ च्या नियंत्रकातील कळ परिस्थितीनुसार बोटाला कमी-अधिक विरोध करू शकते. २०२१ मध्ये आलेल्या 'रिटर्नल' या शूटर खेळात तीच कळ अर्धी दाबली तर नेम आणि पूर्ण दाबली तर दुसऱ्या प्रकारचा मारा, अशी योजना आहे. बोटाला जाणवणारा तो टप्पा म्हणजेच निर्णयाचा क्षण. असे जेथे घडते तेथे गेमपॅडचा अभिमान सार्थ ठरतो.

हुबेहूब दृश्य आणि खरे स्थळ

तिसरे मत मराठी वाचकाच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे, कारण त्याची कसोटी आपल्याच भूमीवर लागते. २०१७ साली प्लेस्टेशन ४ साठी आलेल्या 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' या खेळाची बरीच कथा पश्चिम घाटात घडते. क्लोई फ्रेझर ही नायिका होयसळांच्या प्राचीन नगरांचा माग काढत गणेशाचा दंत शोधते. वाटेत सशस्त्र बंडखोरांशी चकमकी होतात. ओली झाडी, चिखलातून जाणारी जीप, कोसळणारे धबधबे ही दृश्ये तांत्रिकदृष्ट्या थक्क करणारी आहेत.

परंतु हा सह्याद्री कोणाचा? शिर्डी ज्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, रतनगड व रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आहे. तेथील वाचकाला ठाऊक असलेल्या सह्याद्रीत भाताची खाचरे आहेत, वाड्या-पाडे आहेत, जत्रा भरणारी दैवते आहेत. खेळातील घाटात मात्र अवशेष आहेत आणि शत्रू आहेत; राहणारी माणसे जवळजवळ नाहीत. नेमबाजीच्या खेळाला मोकळे रणांगण हवे असते व वस्ती त्याच्या आड येते, ही त्यामागील प्रकाराची निकड समजण्यासारखी आहे. तरीही पानापानावरचा दवबिंदू दाखवू शकणारे तंत्र माणसांना वगळते, तेव्हा हुबेहूबपणा आणि खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य करावे लागते.

पुण्याचे दोन प्रयत्न

महाराष्ट्रात घडलेल्या दोन खेळांकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर व नंतर अन्य यंत्रांवर आला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्याच्या कर्त्यांचा प्रयत्न अपुरा पडला होता. हा शूटर नव्हे, धनुष्य हे त्यातील अनेक शस्त्रांपैकी एक. महागड्या खेळांच्या हुबेहूबपणाशी स्पर्धा न करता त्याने भित्तिचित्रे व छायाबाहुल्यांचा आधार घेतला. लढाईची रचना काही ठिकाणी विस्कळीत वाटते. पण त्यातील जग उसने वाटत नाही.

दुसरा प्रयत्न पुण्याच्याच सुपरगेमिंग या संस्थेचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाईलवर आलेला 'इंडस बॅटल रोयाल' हा अस्सल शूटर आहे. सिंधू संस्कृतीच्या प्रेरणेतून कल्पिलेले भविष्य हा त्याचा वेश. आतील शरीर मात्र 'पबजी'ने रूढ केलेल्या प्रकाराचे. तरी शेवटच्या टप्प्यात प्रकट होणारे 'कॉस्मियम' ताब्यात घेऊनही जिंकता येते, हा नियम खरा नवा आहे. शेवटचा जिवंत उरलेला तोच विजयी, या निष्ठुर अटीला त्याने पर्याय दिला. नावीन्य चित्रात नव्हे, नियमात आहे.

हा खेळ मोबाईलवर प्रथम यावा यात आश्चर्य नाही. २०२१ मध्ये भारतात प्लेस्टेशन ५ आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती आणि त्यावरील मोठ्या खेळांची किंमत ४,९९९ रुपयांपर्यंत होती. तालुक्याच्या गावी बहुसंख्य तरुणांचे शूटरशी नाते फोनच्या काचेवर जुळले ते यामुळेच. सप्टेंबर २०२० मध्ये 'पबजी मोबाईल'वर बंदी आली तेव्हा घरोघरी त्याची चर्चा झाली, तीही याच कारणाने. कन्सोलधारकाचे मत हे म्हणून सर्व खेळाडूंचे मत मानता येत नाही.

समारोप

केवळ यंत्रबळ व भांडवल यांवर शूटर तरत नाही, हे ऑगस्ट २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ व संगणकासाठी आलेल्या 'कॉन्कॉर्ड'ने सिद्ध केले. चित्र देखणे, हत्यारांचा हिसका नेटका. तरीही खेळाडू न लाभल्याने अवघ्या दोन आठवड्यांत तो बंद करावा लागला. तात्पर्य, नव्या तंत्राचे मूल्यमापन ते काय दाखवते यापेक्षा ते खेळणाऱ्याला कोणता नवा निर्णय घेऊ देते, यावरून व्हावे. आणि ज्या भूमीवर हा खेळ मांडला जातो, तेथील माणसांना त्यात जागा आहे काय, हा प्रश्न मराठी समीक्षेने विचारला पाहिजे. सह्याद्रीचे उत्तम चित्र काढणारे तंत्र आज उपलब्ध आहे. सह्याद्रीत राहणाऱ्यांचा खेळ अद्याप व्हावयाचा आहे.