अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांतील बंधुशोक

वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेविषयीं वऱ्हाडांत जें लिहिलें जातें, त्याचा बहुतेक भाग राजांचा अनुक्रम, दानपत्रांची भाषा आणि राज्याच्या सीमा यांनींच व्यापलेला असतो. वत्सगुल्म म्हणजे आजचें वाशीम, हें आतां सर्वमान्य आहे. १९३९ सालीं वाशीम येथें सांपडलेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटानें या शाखेच्या इतिहासास भक्कम पाया मिळाला. आमच्या अनसिंगकडील लोक अजिंठा ‘आपल्या राजांनीं कोरविला’ असें अभिमानानें सांगतात. हा अभिमान अगदींच निराधार नाहीं. पण सोळावें व सतरावें या दोन लेण्यांपुरतें बोलावयाचें तर सोळावें हरिषेणाचा सचिव वराहदेव यानें करविलें आणि सतरावें हरिषेणाच्या एका मांडलिकानें. प्रस्तुत लेख या मांडलिकासंबंधीं, किंबहुना त्याच्या दुःखासंबंधीं आहे.

सतराव्या लेण्याच्या दर्शनी भागीं त्याचा संस्कृत पद्यलेख आहे. म. म. वा. वि. मिराशी यांनीं १९६३ सालीं वाकाटकांच्या लेखसंग्रहांत तो संपादून प्रसिद्ध केला. लेख भग्न असल्यामुळें दात्याच्या नांवाचा निर्णय कठीण झाला आहे. वॉल्टर स्पिंक यानें त्यास उपेंद्रगुप्त म्हटलें आहे. धाकट्या भावाचें नांव मात्र शाबूत आहे. तें रविसांब. दोघां भावांनीं अश्मकादि देश जिंकले, दोघे एकोप्यानें व सुखानें राहूं लागले, आणि मग अनित्यतारूपी वज्र धाकट्यावर कोसळलें, असें कवि सांगतो. त्यानंतर थोरला पुण्याकडे वळला. त्यानें स्तूप व विहार उभारले, याचकांस तृप्त केलें आणि हें एकाच खडकांतील मंडपरत्न निर्माण करविलें. 

विद्वानांनीं या लेखाचा उपयोग कसा केला आहे पाहा. ऋषीक देश कोणता, अश्मकांशीं वैर केव्हांचें, हरिषेणाच्या मृत्यूनंतर कामें कां थांबलीं, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत व त्यांवर झालेला ऊहापोह मोलाचा आहे. पण त्यांत रविसांबाचा मृत्यु बहुधा कालगणनेचा एक खुंटा म्हणूनच येतो. उलट चित्रांचे रसिक जातकें ओळखितात, रेषेची तारीफ करितात, आणि बाहेरचा लेख वाचीत नाहींत. एकाच ओसरीचे हे दोन भाग निरनिराळ्या माणसांच्या वांट्याला गेले आहेत.

माझें म्हणणें एका चित्रापुरतें आग्रहाचें आहे. ओसरीच्या डाव्या अंगास एका प्रचंड चक्राचा अवशेष आहे. गेल्या शतकापूर्वींच्या प्रवाशांनीं त्यास राशिचक्र समजून या लेण्याला ‘राशिचक्राचें लेणें’ असें नांवहि दिलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॉडेल यानें तें बौद्धांचें भवचक्र असल्याचें दाखविलें. चक्राचे भाग पाडून त्यांत लहान लहान माणसें, घरें, व्यवहार काढिले आहेत, आणि तें दोन मोठ्या हातांनीं धरलेलें आहे. दिव्यावदानांतील सहसोद्गतावदानांत विहाराच्या द्वारकोष्ठकांत असें चक्र लिहावें म्हणून आज्ञा आहे, आणि तें सर्व अनित्यतेनें ग्रासलेलें दाखवावें असें तेथें सांगितलें आहे. तेव्हां हे हात कोणाचे, याचें उत्तर ग्रंथांतच आहे. जी अनित्यता बाहेर अक्षरांत रविसांबावर कोसळते, तीच आंत रंगांत सगळें जग हातांत धरून उभी आहे. दात्यानें हें चित्र भावासाठींच काढविलें असें मी म्हणत नाहीं. विनयाची आज्ञा सर्व विहारांस सारखीच होती. परंतु पांचव्या शतकांत या दारांतून शिरणाऱ्या भिक्षूला हा लेख व हें चक्र एकाच शब्दानें जोडलेलीं दिसलीं नसतील, हें मानणें मला अवघड वाटतें. एका घरचें दुःख येथें सर्वांच्या दुःखांत ठेविलें गेलें आहे. सांत्वनाची ही रीत बौद्धांची खास आहे.

आंतील जातकांविषयीं मात्र इतक्या ठामपणें बोलवत नाहीं. मातृपोषक जातकांत पकडलेला हत्ती आंधळ्या आईच्या आठवणीनें अन्न टाकितो, आणि राजा त्यास सोडून देतो. श्यामाला बाण लागतो, पण तो पुन्हां उठतो. विश्वंतराचीं मुलें परत मिळतात. भरतानें करुण आणि विप्रलंभ यांतील भेद सांगितला आहे, तो येथें उपयोगी पडतो: करुण निरपेक्ष, म्हणजे भेटीची आशा सुटलेला; विप्रलंभ सापेक्ष. (हा भेद शाळेंत शिकवितांना मुलांना नेहमीं नुसता पारिभाषिक वाटे.) दात्याचा शोक निरपेक्ष होता आणि भिंतींवरील कथा पुनर्भेटीच्या आहेत, म्हणून त्यानें चित्रांत तें मिळविलें जें आयुष्यांत गेलें, असें लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा. षड्दंत हत्ती येथेंच मरतो व त्याचे दांत पाहून राणीचाहि प्राण जातो. शिवाय षड्दंत व श्याम या दोन्ही कथा दहाव्या लेण्यांत कित्येक शतकें आधीं रंगविल्या गेल्या होत्या. कथांची निवड एकट्या दात्याच्या मनावरून झाली, असें यावरून ठरत नाहीं.

याहून विचार करण्याजोगी जोडी निराळी आहे. सोळाव्या लेण्यांतील मान टाकलेली स्त्री ग्रिफिथ्सनें ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून प्रसिद्ध केली. पुढें ती नंदाची पत्नी सुंदरी असल्याचें ओळखलें गेलें. अश्वघोषाच्या सौंदरनंदाचा विषय तोच. येथें कोणी मेलेलें नाहीं. नंदानें प्रव्रज्या घेतली आणि सेवक त्याचा मुकुट घेऊन आला आहे, एवढेंच. मुकुट आहे आणि मस्तक नाहीं. सुंदरीला कळावयास तेवढें पुरतें. चित्रकारानें शोक मिटत्या डोळ्यांत, गळालेल्या हातांत व भोंवतालच्या दासींच्या लगबगींत ठेविला आहे.

सतराव्यांत गर्भगृहापुढील अंतराळाच्या भिंतीवर भिक्षापात्र घेतलेले बुद्ध, आणि समोर यशोधरा व राहुल. या चित्राची स्तुति करणारे बहुधा ‘माता व बालक’ एवढेंच पाहतात व मातृवात्सल्यावर थांबतात. पण येथें सर्व अर्थ मापांत आहे. बुद्ध अवाढव्य, आणि पत्नी व पुत्र त्यांच्यापुढें अगदीं लहान. सुंदरीचा पति दिसतच नाहीं. यशोधरेचा पति परत आलेला आहे, हाताच्या अंतरावर आहे, आणि तरी परत आलेला नाहीं. तिचा चेहरा वर उचललेला आहे. तो कोसळलेला नाहीं. भरताच्या कोणत्या कोटींत हें बसवावें? भेट झाली म्हणून विप्रलंभ संपला, आणि करुणहि म्हणवत नाहीं. बौद्ध ग्रंथांत ज्यास संवेग म्हणतात, म्हणजे अनित्यतेच्या जाणिवेनें मनाला बसणारा आणि त्यास मार्गावर आणणारा हादरा, तोच शब्द मला येथें जवळचा वाटतो. सोळाव्यांतील चित्र कलेच्या दृष्टीनें अधिक हृदयस्पर्शी आहे, हें मी मान्य करितों. पण भाऊ गमावलेल्या माणसाच्या विहारांत, गर्भगृहाच्या उंबऱ्याशीं, दुसरेंच अधिक शोभतें.

चक्राचा बराचसा भाग आज गळून गेलेला आहे. ग्रिफिथ्सनें १८७२ ते १८८५ या काळांत करविलेल्या नकलांपैकीं पुष्कळशा १८८५ सालीं लंडन येथें आगींत जळाल्या, व त्याआधीं गिलच्या नकलांचीहि १८६६ सालीं तीच गत झाली. तेव्हां जें आहे तें भिंतीवरच वाचिलें पाहिजे, आणि वाचितांना बाहेरच्या लेखाचें भाषांतर हातीं असावें.