पाण्याला जागा देणारा धातू

सेंद्रिय रसायनाची प्रयोगशाळा पाण्याला घाबरते. भांडी ओव्हनमध्ये तापवायची, आत नायट्रोजन सोडायचा, द्रावक सोडियमवर उकळत ठेवून बेन्झोफिनोनचा गडद निळा रंग येण्याची वाट पाहायची. तो निळा रंग म्हणजे पाणी संपल्याची खूण. आणि तेवढा वेळ बाहेर कंडेन्सरमधून नळाचे पाणी तासन्‌तास सिंकमध्ये वाहत असते. साताऱ्यात हे शिकवताना माण तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने सिंककडे बोट करून विचारले, "सर, हे पाणी कुठं जातं?" त्या दिवशी ठरलेला पाठ मी बाजूला ठेवला आणि रसायनशास्त्रज्ञ शू कोबायाशी यांचा १९९१चा शोधनिबंध फळ्यावर मांडला.

त्यातली अभिक्रिया त्यांच्या गुरूंची. तेरुआकी मुकाइयामा यांनी ती १९७३ मध्ये टायटॅनियम टेट्राक्लोराइड वापरून केली. दमट हवा लागली तरी त्याचा पांढरा धूर होतो, म्हणून सगळे कोरडे हवे. शिष्याने अभिक्रिया तीच ठेवली आणि तिच्यात पाणी आणले. फॉर्माल्डिहाइडसाठी घेतले बाजारात मिळणारे फॉर्मालिन! प्राणिशास्त्राच्या बरण्यांत बेडूक ज्यात ठेवतात तेच. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांची परंपरा ऐकत वाढलेल्या माणसाला हे लगेच कळते: बंदिश गुरूचीच, पण गाणे शिष्याचे.

उत्प्रेरक होते लँथॅनाइड धातूंचे ट्रायफ्लेट, म्हणजे यटर्बियम आणि त्याच्या भावंडांचे क्षार. यटर्बियमचा आयन पाण्याला दूर लोटत नाही. आठ-नऊ रेणू त्याच्याभोवती बसतात, पण फार वेळ बसत नाहीत. गर्दीच्या एसटीत एक उतरला की दुसरा टेकतो, तशी मोकळी झालेली जागा अल्डिहाइडला मिळते आणि अभिक्रिया पुढे सरकते. काम झाले की क्षार पाण्याच्या थरात राहतो. पाणी आटवले की तो पुन्हा वापरता येतो. मला सर्वांत सुंदर वाटते ती ही ये-जा. धातू पाण्यात टिकतो हे तर महत्त्वाचेच, पण तो पाण्याला धरूनही ठेवत नाही.

कोबायाशींचा १९९८चा दुसरा निबंध मी नव्या संशोधकांना आधी वाचायला देतो. अभिक्रिया एकच, फक्त क्षार बदलत जायचा. एमएस्सीच्या मुलालाही जमेल अशी ही मांडणी. तिच्यातून दोन अटी निघाल्या: धातूचा जलापघटन स्थिरांक, पीके मापनात, ४.३ ते १०.०८च्या दरम्यान हवा आणि पाण्याच्या अदलाबदलीचा वेग-स्थिरांक ३२ लाखांहून अधिक. आधी सापडलेल्या गोष्टीमागचे कारण मोजून दाखवणे ही मला पहिल्या शोधाहून मोठी गोष्ट वाटते. मुलांना मी इथेच रेंगाळायला लावतो. उतारा किती टक्के आला हे नंतर पाहू.

जतहून सांगलीला शिकायला आलेल्या एका मुलाने या अटींत बसणाऱ्या धातूंच्या यादीवरून बोट फिरवले. स्कँडियम, यट्रियम, लँथॅनाइड ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये अपेक्षित होती. पण शेजारी लोह, तांबे, जस्त, कॅडमियम, शिसेही होते. तो जस्तापाशी थांबला. "सर, हे तर आपल्या स्टोअरमध्ये आहे." किल्ली माझ्याच खिशात होती.