चाळिशीचा शृंगार

वस्तूला वयाचे नाव देण्याची करामत आपल्या मराठीने केली आहे. चाळिशी म्हणजे वयाची चाळीस वर्षे, आणि चाळिशी म्हणजे जवळचे वाचण्याचा चष्माही. शास्त्राच्या दृष्टीने हे नाव अगदी रास्त आहे. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होत जाते, जवळच्या अक्षरावर नजर ठरत नाही, आणि सुईत दोरा ओवताना हात आपोआप लांब जाऊ लागतो. पण हे नाव सर्वांना सारखेच लागू पडते असे मात्र नाही. पुरुषाच्या नाकावर चाळिशी आली की तो विचारवंत दिसू लागतो. बाईच्या नाकावर तीच आली की लोक तिचे वय मोजू लागतात. म्हणूनच चष्मा हा वैद्यकाचा विषय असला, तरी बाईचा चष्मा हा अभिरुचीचाही विषय आहे, आणि अभिरुचीवर टीका करायला कोणाची ना नसावी. मी तर साठी ओलांडलेली, सांगलीत राहणारी आणि चष्मा लावणारी बाई. तेव्हा माझा अधिकार दुहेरी आहे.

सांगलीचा उल्लेख मी मुद्दाम केला. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. पुढे याच जिल्ह्यातल्या नागठाणे गावाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या बालगंधर्वांनी भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू अशा रंगवल्या, की नऊवारी कशी नेसावी, अंबाडा कसा घालावा, पदर कसा सावरावा, हे घराघरांतल्या बायका एका पुरुषाकडून शिकल्या! नथ, गजरा, शालू, सारे काही त्या शृंगारात होते. चष्मा तेवढा नव्हता. असणार कसा? नायिका तरुण होत्या, आणि नायिकेचे काम दिसण्याचे असते. पुढच्या नाटकांत चष्मा आला तो बहुधा आत्याबाईच्या नाकाच्या शेंड्यावर, हसे पिकवण्यासाठी. नाहीतर करड्या मास्तरीणबाईंच्या डोळ्यांवर, धाक घालण्यासाठी. हा संकेत चित्रपटानेही उचलला. चष्मा काढला की मुलगी एकदम सुंदर ठरते, हे दृश्य किती वेळा पाहिले त्याची गणती नाही.

परंतु याच जिल्ह्याने दुसराही एक धडा दिला. किर्लोस्करवाडीहून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघू लागले, आणि दुपारची झाकपाक उरकलेल्या बायकांच्या हातात छापील अक्षर आले. रंगभूमीने बाईला कसे दिसावे ते शिकवले होते. मासिकाने तिला पाहायला, म्हणजे वाचायला, बोलावले. आता वाचणाऱ्या बाईला चाळिशीनंतर चष्मा लागणारच. माझ्या मते सारा तंटा या दोन धड्यांमधला आहे. अजूनही आपण चष्म्याची निवड पहिल्या धड्याच्या हिशेबाने करतो, आणि वापर मात्र दुसऱ्या धड्यासाठी करतो.

चष्म्याच्या दुकानात जाऊन पाहा. आरशासमोर पन्नाशीची बाई बसलेली असते, आणि तिच्याबद्दल निर्णय मुलगा, सून आणि दुकानदार घेत असतात. “आई, हीच घ्या, लावलेली कळतसुद्धा नाही.” कळत नाही, हाच तिचा गुण! मग बिनकडांची काच किंवा सोनेरी तारेची कडी बाहेर येते. दुसरा प्रकार याच्या उलट: वय लपवण्यासाठी नातीला शोभेल अशी गुलाबी, खडे जडवलेली फ्रेम. आणि तिसरा प्रकार आपल्या काटकसरी घरांतला: यजमानांच्या जुन्या फ्रेमीत आपल्या नंबरच्या काचा. पहिल्या चष्म्यात बाई गैरहजर असते, दुसऱ्यात ती दुसरीच कोणी असते, आणि तिसऱ्यात तिचे यजमान असतात.

अकराव्या शतकातला काश्मिरी पंडित क्षेमेंद्र औचित्याचा विचार मांडताना सांगतो, की कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला घातला तर हसेच होईल. चष्म्यालाही हीच कसोटी लावावी. फ्रेम चेहऱ्याच्या रुंदीबाहेर जाऊ नये. तिची वरची कड भुवईच्या वळणाने जावी, म्हणजे कुंकू आणि डोळे यांच्यामध्ये भिंत उभी राहत नाही. रुपेरी केसांना गडद तपकिरी किंवा डाळिंबी रंग आधार देतो. फिकी तार त्यांत हरवून जाते. वाचण्याच्या काचेने डोळे मोठे दिसतात आणि त्यांच्याखालच्या सुरकुत्याही. तेव्हा खालची कड हलकी असलेली बरी. आणि नथ घालायची असेल, तर नाक एक व मानकरी दोन, हे ध्यानात ठेवून फ्रेम वजनाला हलकी घ्यावी.

येथे शास्त्रही मदतीला येते. दोन नंबरांच्या काचेतली ती अर्धचंद्राची रेघ वयाचा शिक्का मारीत असे. १९५९ साली फ्रान्समध्ये बिनरेघेची, क्रमाने नंबर बदलणारी काच बाजारात आली, आणि तो शिक्का पुसला गेला. पण या काचेला खालीवर पुरेशी उंची लागते. अगदी अरुंद, चिंचोळी फ्रेम घेतली तर वाचण्याचा भागच कापला जातो. म्हणजे इथे जे डोळ्याला सोयीचे, तेच मोठ्या वयाच्या चेहऱ्यालाही भारदस्त दिसते.

कोपरे वर उचललेल्या, मांजराच्या डोळ्यांसारख्या फ्रेमीची हकीकत तर सांगलीकरांना आवडावी. १९३० च्या दशकात अल्टिना शिनासी या अमेरिकन बाईने ती घडवली. बायकांसाठी दुकानांत मिळणाऱ्या नीरस फ्रेमी तिला पाहवेनात, आणि नवा आकार तिने उचलला तो व्हेनिसच्या उत्सवी मुखवट्यांवरून. नाटकवाल्या गावाने यात एवढेच पाहावे, की मुखवटा चेहरा झाकतो आणि चष्मा तो उघडा ठेवतो. वयाने चेहऱ्याच्या रेषा खाली ओढल्या जातात. हा आकार त्यांना किंचित वर उचलतो. मात्र हे उचलणे किंचितच असावे, नाहीतर मुखवटा परत येतो.

आता उदाहरण. १९७५ साली कृष्णाकाठी कराडला साहित्य संमेलन भरले, अध्यक्षा होत्या दुर्गा भागवत, आणि देशात आणीबाणी होती. त्यांनी त्या व्यासपीठावर लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या अठ्ठ्याण्णवाव्या संमेलनाचे अध्यक्षपद आमच्या सांगलीच्या तारा भवाळकर यांच्याकडे होते; जात्यावरच्या ओव्यांतून बाईचे मन वाचण्यात त्यांचे आयुष्य गेले. या दोघींची छायाचित्रे पाहा. चष्म्याविना त्यांचा चेहरा आपल्याला आठवतच नाही. तो चष्मा त्यांना तरुण करीत नाही आणि लपतही नाही. समोर बसलेल्याला तो एवढेच सांगतो, की ही बाई तुमच्याकडे नीट पाहते आहे. प्रौढ स्त्रीच्या शृंगाराची याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही.

दिवाळीत घरोघर खरेदी होते. आईसाठी साडी घेताना तिचा पसंतीचा रंग आपण विचारतो. फ्रेम घेतानाही विचारावा, आणि आरशासमोर तिला थोडा वेळ एकटे बसू द्यावे. भाऊबीजेला फोटो काढायची वेळ आली, की कोणीतरी हमखास म्हणते, “चष्मा काढा ना, चांगला येईल.” माझ्या बहिणींनो, काढू नका. फोटो काढणाऱ्याला सांगा, उजेडाची तिरीप काचेवर येणार नाही असे उभे राहा. ते काम त्याचे आहे.