देवळदेवी आणि छिताई : राजकीय विवाहाचे प्रेमकथेत रूपांतर

उपेक्षित राण्यांना ऐतिहासिक कादंबरीने ‘न्याय’ दिला, ही भाषा आपल्या समीक्षेत आता चांगलीच रुळली आहे. हा न्याय बहुधा एकाच मार्गाने दिला जातो. राजकारणासाठी झालेल्या विवाहातही प्रेम होते, किंवा त्या विवाहापायी एखादे प्रेम चिरडले गेले, असे दाखविले जाते. ‘स्वामी’ (१९६२) आणि ‘राऊ’ (१९७२) या कादंबऱ्यांवर पोसलेल्या मराठी अभिरुचीला हा मार्ग स्वाभाविकही वाटतो. परंतु राणीच्या पदरात घातले जाणारे हे प्रेम ठरवितो कोण, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. खल्जी काळातील देवळदेवीच्या कथेच्या आधारे तो येथे विचारावयाचा आहे.

कथेचा सांगाडा परिचित आहे. १२९९ मध्ये दिल्लीच्या फौजांनी गुजरात जिंकला. राजा कर्ण वाघेला निसटला. त्याची राणी कमलादेवी पकडली जाऊन अलाउद्दीनच्या अंतःपुरात आली. पुढे तिने मागे राहिलेल्या मुलीला आणविण्याची विनंती सुलतानाला केली. कर्णाने मुलीचा विवाह देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या पुत्राशी ठरविला होता. देवगिरीच्या वाटेवर ती अलपखानाच्या सैन्याच्या हाती लागली आणि दिल्लीला पोहोचली. या वृत्तान्ताच्या सत्यतेविषयी काही इतिहासकारांनी शंका घेतली आहे. आपल्याला येथे प्रयोजन आहे ते त्याच्या कथनाशी.

अमीर खुस्रोने १३१६ च्या सुमारास तिच्यावर आणि शाहजादा खिज्रखानावर मसनवी रचली. तिच्यात देवळदेवीचे प्रेम खिज्रखानावर आहे. नंदशंकर मेहता यांच्या ‘करण घेलो’ (१८६६) या पहिल्या मानल्या जाणाऱ्या गुजराती कादंबरीत तिचे प्रेम देवगिरीच्या राजपुत्रावर आहे. एकाच मुलीची ही दोन प्रेमे, आणि दोन्ही तितक्याच उत्कटतेने वर्णिलेली. कथन दिल्लीच्या दरबारात झाले तेव्हा तिचे मन दिल्लीकडे ओढले गेले. कथनामागे गुजरातच्या गेलेल्या राज्याचा शोक आला तेव्हा ते देवगिरीकडे वळले. दिल्लीला आली तेव्हा ती आठ वर्षांची होती, असे खुस्रो स्वतःच सांगतो. हे वय गृहीत धरले तर देवगिरीच्या वाटेवरील प्रणयाचे काय करावयाचे? आणि दिल्लीतील प्रणय तरी निवडीचा कसा म्हणावयाचा? जिथे ती वाढली त्या वाड्यातून बाहेर पडण्याचा मार्गच तिला नव्हता.

खुस्रोने तर तिचे नावही बदलले. ‘देवल’चे त्याने ‘दुवल’ केले, म्हणजे ‘दौलत’ या शब्दाचे अनेकवचन. श्लेष सुंदर आहे, यात वाद नाही. पण नायिकेचे नाव नायकाच्या घराण्याच्या भरभराटीचे पर्यायनाम व्हावे, याकडे केवळ अलंकार म्हणून पाहता येत नाही.

तरीही खुस्रोची संहिता कादंबरीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते, आणि त्याचे कारण तिच्या मधल्या भागात आहे. खिज्रखानाचा विवाह त्याची आई मलिका-ए-जहान आपल्या भावाच्या, म्हणजे अलपखानाच्या मुलीशी ठरविते. ज्याच्या सैन्याने देवळदेवीला पकडले, त्याचीच मुलगी तिची सवत होते. हे घडविणारी एक राणी आहे. तिला माहेरचे बळ वारसाच्या पाठीशी उभे करावयाचे आहे. देवळदेवीला दूर ठेवले जाते, ते याच हिशेबाने. प्रणयकाव्याच्या चौकटीत राजकारण असे उघडेवाघडे शिरते आणि कवी ते झाकत नाही. कमलादेवीच्या विनंतीचेही तसेच. आईची माया म्हणून ती वाचली जाते आणि ती तशी असेलही. पण बंदिवान राणीच्या शब्दावर सैन्याला कामगिरी दिली जाते, ही सत्तेची घटना आहे. पहिल्या पतीला ती विसरली की नाही, या प्रश्नात रमणाऱ्या वाचकाला ही घटना दिसतच नाही.

उलट दिशेने गेलेल्या एका स्त्रीची कथा याहून बोलकी आहे. रामदेवरावाची मुलगी अलाउद्दीनला दिली गेली. इसामीच्या ‘फुतूह-उस-सलातीन’मध्ये (१३५०) तिचे नाव येते, फार्सी लिपीतून ते ‘झट्यपाळी’ असे वाचले जाते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्याचा गौरव आहे तोच हा रामदेवराव. दिल्लीला जाऊन ‘राय-ए-रायान’ हा किताब आणि नवसारी घेऊन परतलेला. मांडलिकत्वाच्या या व्यवहारात मुलगी कुठे बसते, हे सांगावयास कोणी थांबलेले नाही. उत्तरेत मात्र नारायणदासाच्या ‘छिताईवार्ते’त ती छिताई होते. सुलतान तिला पळवून नेतो, पती योगी होऊन वीणा वाजवीत तिच्या शोधात येतो आणि अखेर ती त्याला परत मिळते. ज्या स्त्रीचा विवाह पित्याच्या तहाचा भाग होता, तिला आख्यानाने पती दिला, अपहरण दिले आणि सुटकाही दिली. तह तेवढा गाळला. सासर पत्करून तिथेच राहिलेली राणी आख्यानाला नको होती, असेच म्हणावे लागते.

प्रत्यक्षात ती परतली नाही. १३१६ मध्ये अलाउद्दीन वारला, तेव्हा मलिक काफूरने तिच्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला, शिहाबुद्दीन उमरला, तख्तावर बसविले. काही आठवडे देवगिरीच्या यादवांचा दौहित्र दिल्लीचा सुलतान होता. मग काफूर मारला गेला आणि मुबारकशाहाने त्या मुलाला पदच्युत केले. त्या आठवड्यांत त्याच्या आईने कोणाशी बोलणी केली, कोणावर भरवसा ठेवला, काफूरकडे ती संरक्षक म्हणून पाहत होती की पहारेकरी म्हणून, हे लिहू पाहणाऱ्या कादंबरीकाराला प्रियकराची गरज पडणार नाही. त्याला लागेल दरबारी फार्सी, माहेरची मराठी आणि या दोहोंमध्ये अडकलेल्या स्त्रीचे कान.