एबी फॉर्मवर सही कुणाची?

कांशीराम यांचं ‘द चमचा एज’ हे छोटेखानी पुस्तक २४ सप्टेंबर १९८२ चं. पुणे कराराला त्या दिवशी पन्नास वर्षं झाली. आपल्याकडं हे पुस्तक नावानंच जास्त ठाऊक. कुणाशी पटलं नाही की त्याला ‘चमचा’ म्हणायचं, एवढाच आपण त्याचा उपयोग करतो. हा पुस्तकावर अन्याय आहे. ते शिवी शिकवायला लिहिलेलं नाही. चमचे घडवणारा कारखाना दाखवायला लिहिलंय.

पुण्यात नोकरी करताना बाबासाहेब वाचलेल्या ह्या माणसाचं म्हणणं सरळ आहे. चमचा आपणहून हलत नाही, दुसऱ्याच्या हातानं हलतो. स्वतंत्र मतदारसंघ गेले, संयुक्त आले. राखीव जागेवर उभा दलितच, पण निवडून आणणारी बहुतेक मतं दुसऱ्यांची. मग पक्षाला ताठ मानेचा माणूस कशाला हवा? वाकणारा बरा. १९५२ ला मुंबईत खुद्द बाबासाहेब पडले आणि राखीव जागेवर काँग्रेसचे काजरोळकर आले. जागा आपली, आणि बाबासाहेब बाहेर! आणखी पुरावा कशाला पाहिजे?

इथवर पुस्तक पटतं. पण करारातलं एक कलम आपल्या चर्चेत येतच नाही. प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा. प्रत्येक जागेसाठी आधी प्राथमिक निवडणूक, तिच्यात मतदान फक्त अस्पृश्यांचं. वर आलेले चारजण अंतिम लढतीत, तिथं सगळ्यांचं मत. चारांत पक्षाचा एखादा घुसला की इतरांच्या मतांवर तोच यायचा, हे खरं. म्हणून तर १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी पुन्हा स्वतंत्र मतदारसंघ मागितले. पण पहिल्या दारावर तरी वस्ती उभी होती. ही सोय करारानंच दहा वर्षांपुरती ठेवलेली. १९५० च्या राज्यघटनेत राखीव जागा आल्या, प्राथमिक निवडणूक आली नाही.

२००८ च्या फेररचनेत अनुसूचित जातींसाठी लोकसभेत ८४ आणि महाराष्ट्र विधानसभेत २९ जागा ठरल्या. कायदा उमेदवाराचा जातीचा दाखला बघतो. त्याला कुणी निवडला, हे विचारत नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत एबी फॉर्म पोचला की झालं. दाखला आपला, सही त्यांची.

काही मित्र म्हणतात, पक्षांनी तिकीटवाटपातच कोटा ठेवावा. ठेवावाच. खुल्या जागेवर दलिताला तिकीट द्यायला कुठला कायदा पक्षाला भाग पाडत नाही. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीनं आपल्या राखीव जागांतलाही एक तृतीयांश वाटा बायांना दिला. चांगलंच झालं. पण ती बाई कुणी निवडायची? वस्तीत पाण्यासाठी मोर्चा काढणारी की पुढाऱ्याच्या घरातली? कोटा किती हे सांगतो, कोण हे सांगत नाही.

आणि आता स्वतःकडं बघू. १९८४ ला कांशीरामांनीच बसपा काढली. तिथंही उमेदवारांची यादी वरूनच येत राहिली. आपल्या रिपब्लिकन गटांत तरी काय निराळं? पोरं रात्रभर भिंती रंगवतात आणि उमेदवाराचं नाव सकाळी पेपरात वाचतात. सवर्णांचा कारखाना आपल्याला लगेच दिसतो. आपल्या अंगणातलं धुराडं मात्र दिसत नाही. ‘द चमचा एज’ वाचून आपण दुसऱ्याचे चमचे मोजले. हे अर्धं वाचन झालं.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या निवडणुकीआधी निदान आपल्या तालुक्यात एवढं करू. वस्तीवस्तीत एक पेटी ठेवू. बाया, म्हातारी माणसं, झाडूवाले, शेतमजूर, सगळ्यांचं मत घेऊ. चार नावं काढू. ती घेऊन आधी आपल्याच नेत्याच्या दारात जाऊ. तो काय म्हणतो बघू.