अहिल्याबाई : देव्हाऱ्यापलीकडे

अहिल्याबाई होळकरांची लोकप्रिय चरित्रे बहुधा काशी, गया, सोमनाथ येथील देवालयांतच रमतात. १७५४ साली कुंभेरीस पती आणि १७६७ साली पुत्र निवर्तले. उरते ती शिवभक्त विधवेची मूर्ती. जॉन माल्कम यांच्या १८२३ सालच्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तान्तात मात्र खुल्या दरबारात नित्य फिर्यादी ऐकणाऱ्या बाई भेटतात. भिल्लांचा प्रवाशांवरील जुना कर मान्य करून त्यांच्यावरच डोंगरवाटांच्या रखवालीची जबाबदारी टाकणाऱ्याही त्याच. सत्तेच्या प्रत्येक कृतीचा जाब ईश्वराला द्यावयाचा आहे, ही त्यांची श्रद्धाच तेथे कारभाराचे मूळ ठरते. भक्ती व राज्य यांची ही सांगड आपल्या चरित्रकारांनी सैल केली. सांवेरच्या मराठी वाचकाला हे अधिक बोचते : देव्हाऱ्यात बसविलेल्या बाईंकडून शिकावयाचे ते राहूनच जाते.